गिरगावात शिकवायला आलेले परदेशी

परदेशातून मुंबईत येऊन शिकवण्याची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात सरकारच्या परवानगीवाचून झाली. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबई बंदरात उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. कलकत्त्यातून त्यांना आधीच बाहेर काढले होते. त्यातच इंग्लंड आणि अमेरिका यांचे युद्ध सुरू झालेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला. दोघांनी अर्जावर अर्ज केले आणि त्या खटपटीत महिने गेले. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होऊन मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली, म्हणून ते टिकले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ हा असा आहे. या लोकांना पगार म्हणावा असा पगार नव्हता. त्यांना पाठवणारी बोस्टनची संस्था निर्वाहापुरता भत्ता देई, आणि परतीची तारीख कोणी ठरवून आलेला नसे.

मुंबईत तेव्हा शाळा नव्हत्या असे नाही. पंतोजींच्या शाळा गल्लोगल्ली होत्या. ओटीवर किंवा देवळाच्या ओसरीत मुले बसत, धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवत, पावकी-निमकी घोकत आणि मोडी वाचायला-लिहायला शिकत. पंतोजीला मुलामागे थोडे पैसे आणि सणावाराला शिधा मिळे. अमेरिकनांनी नव्या इमारती बांधण्याऐवजी याच पंतोजींना नोकरीवर घेतले, त्यांच्या शाळा चालू ठेवल्या आणि त्यांत छापील पुस्तके आणली. पुस्तके हवीत म्हणून छापखाना आला. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यात देवनागरी मराठी छापले जाऊ लागले. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली काम केलेल्या जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. मराठी छपाईच्या इतिहासात शाळेपेक्षा या छापखान्याचेच नाव अधिक येते.

म्हणजे पहिल्यापासूनच परदेशी मनुष्य वर्गात उभा राहून फारसा शिकवत नव्हता. शिकवण्याचे काम पंतोजी करीत. परदेशी मनुष्य शाळांची पाहणी करी, परीक्षा घेई, पुस्तके पुरवी आणि पंतोजीने पटावर लिहिलेली मुले खरोखर येतात का ते पाही. पगार मुलांच्या संख्येवर ठरत असल्याने पट फुगवण्याचा मोह सगळीकडे होता. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, मुंबईतून कोकणपट्टीत आणि घाटावर असे फिरावे लागे, त्यामुळे शिकवणे आणि प्रवास ही दोन कामे वेगळी राहिलीच नाहीत. हिवाळ्यात दौरे निघत. पनवेलपर्यंत होडी आणि पुढे बैलगाडी, तट्टू किंवा पायपीट, असा तो प्रवास असे. बोरघाटाचा गाडीरस्ता झाला १८३० मध्ये आणि रेल्वे आली १८५३ मध्ये. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये असेच नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला गेले होते. तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून ते परत फिरले आणि वाटेत त्यांनाच पटकी झाली. एका देवळाच्या ओसरीत त्यांनी प्राण सोडला. बरोबर असलेल्या दोन मुलांनी त्यांना तिथेच पुरले. वय एक्केचाळीस. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल पाच वर्षांपूर्वी याच रोगाने मुंबईत गेले होते.

मुलींसाठी मिशनने पहिली शाळा १८२४ मध्ये उघडली. ती चालवायला बायका हव्या होत्या. मिशनऱ्यांच्या पत्नी प्रपंच, बाळंतपणे आणि आजारपणे यांतून जमेल तेवढे करीत. म्हणून मुंबईहून बोस्टनला मागणी गेली की एखादी अविवाहित शिक्षिका पाठवा. अविवाहित बाईला समुद्रापार पाठवण्याची कल्पना अमेरिकेतही कोणाला रुचणारी नव्हती. शेवटी न्यू हॅम्पशायरमधील मार्लबरोच्या सिंथिया फॅरार तयार झाल्या. १८२७ च्या जूनमध्ये बोस्टनहून निघून, कलकत्त्याला वळसा घालून, त्या डिसेंबरअखेर मुंबईत पोचल्या. या अमेरिकन संस्थेने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. वय बत्तीस.

फॅरारबाईंपुढचा पहिला प्रश्न भाषेचा होता. मोल्सवर्थचा शब्दकोश १८३१ मध्ये निघाला, म्हणजे तो त्यांच्या हाती पडायला आणखी तीन-चार वर्षे होती. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरींचे मराठी व्याकरण आणि कोश, कर्नल केनेडींचा कोश आणि एक शास्त्री, एवढीच सामग्री. शाळांत शिकवणारे पुरुषच होते, कारण शिकवू शकणाऱ्या बायका मिळणे दुरापास्त होते. मुली येत त्या बहुतेक गरीब घरच्या. बेने इस्रायल समाजाची मुलेमुली मिशनच्या शाळांत पुष्कळ असत. हा समाज शनिवार पाळणारा तेली म्हणून कोकणात ओळखला जात होता, घरात मराठीच बोलत होता आणि मुंबईत नुकता स्थिरावत होता. मुलीला हजेरीबद्दल पैसा किंवा कापडाचा तुकडा द्यावा लागे. दहा-अकराव्या वर्षी लग्न झाले की ती शाळेतून जाई. भेंडीबाजाराजवळच्या मिशनच्या प्रार्थनामंदिराभोवती वर्षभर शाळा उघडत आणि बंद पडत. साथ आली की बंद, पंतोजी सोडून गेला की बंद, आणि धर्मांतराची अफवा उठली तर रातोरात बंद.

दहा वर्षांनी प्रकृती ढासळल्याने फॅरारबाई मायदेशी गेल्या, पण १८३९ मध्ये परत आल्या आणि या वेळी अहमदनगरला राहिल्या. तिथे १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यापूर्वी जोतीराव फुले यांनी नगरची ही शाळा पाहिली होती आणि तिचा उल्लेख त्यांनी स्वतःही केला आहे. सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुंबईला मात्र या बाईंची फारशी आठवण राहिलेली नाही.

स्कॉटलंडहून आलेल्या जॉन विल्सन यांचे नाव चौपाटीवर कोरलेले आहे, त्यामुळे त्यांचा विसर पडण्याचा प्रश्न नाही. १८२९ च्या फेब्रुवारीत ते पत्नी मार्गारेटसह मुंबईत उतरले आणि लगेच बाणकोट-हर्णैला गेले. मराठी शिकायची तर इंग्रजी बोलणारे साहेब नसतील अशा गावी, हे त्यामागचे साधे गणित. दोघांनी तिथे सहा-सात महिने नेटाने अभ्यास केला. मुंबईला परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींसाठी एकामागून एक अशा सहा शाळा काढल्या. जॉन यांनी १८३२ मध्ये गिरगावात अंब्रोलीला इंग्रजी शाळा सुरू केली. आजचे विल्सन कॉलेज तिच्यापासून आपले वर्ष मोजते. त्याच वर्षी विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले, कारण बेने इस्रायल मुलांना आपल्या धर्मग्रंथांची भाषा मराठीतूनच समजणार होती. मार्गारेट विल्सन १८३५ मध्ये मुंबईत वारल्या. मग त्यांच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे बेन, स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी त्या शाळा सांभाळल्या.

विल्सन यांचे दौरे लांबचे असत. गोवा, गुजरात, काठेवाड, घाटावरची लेणी असे ते फिरले. दौऱ्यात ते लोकांशी वाद घालीत, शिलालेख उतरवून घेत आणि वाटेतल्या शाळा पाहत. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांच्या मराठीची ख्याती तर अशी की पडद्याआडून बोलले तर बोलणारा परदेशी आहे हे कोणी ओळखू नये. जेम्स मरे मिचेल यांना तुकारामाची गोडी लागली आणि त्यांनी अभंगांची भाषांतरे केली. धर्म शिकवायला आलेला मनुष्य तुकोबांच्या अभंगांत गुंतला, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलेले दिसते. पुढच्या शतकात अमेरिकन मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतर मराठी संतचरित्रांच्या भाषांतरांची एक मालाच काढली.

या शिक्षकांना काय साधायचे आहे, याविषयी गिरगावकरांना भ्रम नव्हता. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शाळा जवळजवळ ओस पडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद कोर्टाच्या हुकमाने घरी परत आला आणि त्याला जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले. शिक्षण हवे, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत नको, अशी ही कोंडी होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी ती आपल्या परीने फोडली. प्राध्यापक जोसेफ पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती कॉलेज सांभाळून तिथे विनावेतन शिकवत. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातल्या आपल्या आवारात जागा दिली. परदेशी शिक्षकांनी मुंबईवर केलेला मोठा परिणाम कोणता, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. त्यांच्या धाकाने आणि त्यांच्या उदाहरणाने इथले लोक स्वतः शिकवायला उभे राहिले.

स्वयंसेवक हा शब्द ज्यांना काटेकोरपणे लागू पडेल असे या काळातले गृहस्थ म्हणजे जॉर्ज बोवेन. जन्म १८१६ चा, व्हरमाँटमधला. तारुण्य न्यूयॉर्कमध्ये सुखात गेलेले. युरोपातल्या चार-पाच भाषा येत होत्या, संगीताची आवड होती आणि धर्मावर विश्वास नव्हता. वाग्दत्त वधूच्या मृत्यूनंतर ते बदलले, धर्मशास्त्र शिकले आणि १८४८ च्या जानेवारीत अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आले. वर्षभरात त्यांनी दोन निर्णय घेतले. एक, मिशनकडून एक पैसाही घ्यायचा नाही. दुसरा, मिशनच्या बंगल्यात राहायचे नाही. बंगला, नोकरचाकर आणि बग्गी असलेल्या माणसाचे बोलणे चाळीतला माणूस का ऐकेल, हा त्यांचा प्रश्न होता. सहकाऱ्यांना तो अर्थातच झोंबला.

बोवेन देशी वस्तीत एका लहानशा खोलीत राहायला गेले. खासगी शिकवण्या करून पोटापुरते मिळवू लागले. गरजा इतक्या कमी की थोड्या शिकवणीवर भागे. रोज संध्याकाळी ते रस्त्यावर उभे राहून मराठीत बोलत. लोक हसत, टवाळी करीत, कधी चिखलही फेकत. पुढे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ हे साप्ताहिक कितीतरी वर्षे चालवले. चाळीस वर्षांत ते एकदाही अमेरिकेला गेले नाहीत. १८८८ मध्ये ते मुंबईतच वारले. त्यांच्या उपदेशाने धर्म बदललेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा मिशनच्या हिशेबात हे आयुष्य जवळजवळ वाया गेलेले. मुंबईकरांचा हिशेब वेगळा होता. साधा गोरा फकीर म्हणून हिंदू, पारशी, मुसलमान त्यांना मान देत आणि भारतातले पांढरे साधू अशी त्यांची अमेरिकेपर्यंत ओळख झाली. कुलाब्याचे बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे.

येऊन, पाहून, सूचना करून परत जाणाऱ्यांचा प्रकारही याच काळात सुरू झाला. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये साठीच्या घरात असताना हिंदुस्थानात आल्या. मुंबईतल्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि मुलींना पुरुष शिक्षक शिकवतात हीच खरी अडचण आहे असे सांगितले. शिक्षिका तयार करणारी शाळा काढा, हा त्यांचा आग्रह होता. निदान बिनचूक होते. दुसऱ्या खेपेला मुंबईत अशा शाळेची देखरेख त्यांनी स्वतःकडे घेतली, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि काम सोडावे लागले. ‘सिक्स मंथ्स इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक दोन भागांत निघाले. सहा महिन्यांच्या मुक्कामावर दोन खंड लिहिणे, ही सवय पुढच्या पाहुण्यांनीही सोडलेली नाही.

उलट दिशेने गेलेली पहिली मोठी मराठी शिक्षिका म्हणजे पंडिता रमाबाई. फिरणे त्यांच्या रक्तात होते. आईवडिलांबरोबर पुराणे सांगत, तीर्थयात्रा करत त्यांनी पायी सारा देश पाहिला होता. १८८३ मध्ये आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. वाँटेजच्या मठात ठरलेला करार देवघेवीचा होता. हिंदुस्थानात काम करू पाहणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि त्यांनी रमाबाईंना इंग्रजी. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. देशी बाईने गोऱ्या पुरुषांना शिकवले तर तिच्या डोक्यात वारे शिरेल, अशी ती काळजी. रमाबाईंनी पत्रांतून त्यांना खणखणीत उत्तरे दिली. पुण्या-मुंबईचे सनातनी आणि हे बिशप या एका बाबतीत अगदी शेजारी बसतील असे होते.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. फ्रोबेलची बालोद्यान पद्धत त्या रीतसर शिकल्या. पूर्वेपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आगगाडीने हिंडल्या, गावोगाव बोलल्या, आणि त्यातून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. या प्रवासाचे मराठी पुस्तक, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, १८८९ मध्ये निघाले. त्यात प्रवासवर्णन कमी आणि शाळा, घरे, बायकांच्या संस्था, सरकार चालवण्याची रीत यांची माहिती जास्त आहे. परक्या मुलखाकडे वाकून नमस्कार न करता आणि नाकही न मुरडता पाहणारे इतके जुने मराठी पुस्तक दुसरे सापडणे कठीण. तांबड्या इंडियन लोकांवरचा आणि निग्रोंवरचा अन्याय त्यात स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे.

परतताना जपान आणि हाँगकाँग करून त्या मुंबईत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीवर शारदासदन उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. अमेरिकेतून मिस हॅम्लिन मदतीला आल्या होत्या. पश्चिम किनाऱ्यावर रमाबाईंसाठी मंडळे उभारण्याचे काम त्यांनीच केले होते. आता उलट प्रकार झाला. शाळा मराठी बाईची आणि हाताखाली अमेरिकन मदतनीस. निधी बोस्टनचा असल्याने दोघींत कोणाचे किती चालावे, हा पेच होताच. शाळेतली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती गिरगावात राहणाऱ्या नरहरपंत जोशी यांची बहीण आणि पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. ‘माझे पुराण’ या तिच्या आत्मकथनात त्या दिवसांचे वर्णन आहे. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला गेले. तिथे १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठले, रानडे-भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. अंब्रोलीला पन्नास वर्षांपूर्वी झाले तेच पुन्हा झाले, फक्त या खेपेला संशय आपल्याच माणसावर होता.

विसाव्या शतकात शिकवण्याचा विषयच बदलला. क्लिफर्ड मॅनशार्ट हे शिकागोत शिकलेले तरुण १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. शिकागो म्हणजे जेन अ‍ॅडम्स यांच्या हल हाउसचे शहर. गरीब वस्तीत घर घ्यायचे, तिथेच राहायचे आणि वस्तीला हवे ते शिकवायचे, ही त्या घराची रीत होती. मॅनशार्ट यांनी ती नागपाड्यात आणली. कामाठीपुरा शेजारी, मुसलमान, बेने इस्रायल आणि बगदादी ज्यू, ख्रिस्ती, हिंदू गिरणीकामगार अशी सरमिसळ वस्ती, खोल्यांत माणसे दाटीवाटीने कोंबलेली. १९२७ मध्ये तिथे नागपाडा नेबरहुड हाउस सुरू झाले. वाचनालय, रात्रीचे वर्ग, बायकांसाठी शिवणकाम, दवाखाना, व्याख्याने आणि खेळाचे मैदान असा तो सारा खटाटोप. धर्मप्रसार तिथे करायचा नाही, असे मॅनशार्ट यांनी ठरवून टाकले. मिशनच्या पैशाने चालणाऱ्या संस्थेत हे ठरवणे सोपे नव्हते.

वस्तीने त्यांच्याकडून सगळ्यांत आधी उचलले ते बास्केटबॉल. गल्लीतल्या मुलांना त्या खेळाचे वेड लागले आणि नागपाडा हे भारतीय बास्केटबॉलचे एक माहेरघर बनले. तिथल्या मैदानावर वाढलेले खेळाडू देशाच्या संघात गेले. शिकवणाऱ्याच्या यादीत जे शेवटी असते ते कधी कधी सर्वांत खोल रुजते. हिंदू-मुसलमान दंगलींच्या वर्षांत या घराची खरी कसोटी लागली. मॅनशार्ट यांनी शहराच्या प्रश्नांवर व्याख्यानमाला घडवल्या, ‘बॉम्बे टुडे अँड टुमॉरो’ या नावाने त्यांतली एक १९३० मध्ये ग्रंथरूपात आली. वस्तीत काम करायला शिकलेली इथलीच माणसे हवीत, परदेशातून ती किती आणणार, हे त्यांना कळून चुकले होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने १९३६ मध्ये नागपाड्याच्या याच घरात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. देवनारची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ती हीच. पाच वर्षांनी ते परत गेले आणि त्यांची जागा जे. एम. कुमारप्पा यांनी घेतली. ते गेल्यावर संस्था थांबली नाही, वाढली. परदेशी शिक्षकाच्या कामाला लावता येईल अशी ही बहुधा एकमेव सरळ कसोटी.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील व्यवसायोपचार विभागाला हीच कसोटी लावता येते. न्यू जर्सीच्या क्वेकर घराण्यातल्या एलिझाबेथ लंडी यांनी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न केले आणि १९३० मध्ये त्या भारतात आल्या. त्यांचे नाव कमला झाले. त्यांनी मुलांच्या शिक्षणाचे काम केले, मग चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण घेतले आणि १९५० मध्ये के. ई. एम.मध्ये या विषयाची भारतातली पहिली शाळा काढली. हात-पाय निकामी झालेल्या माणसाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून हातमाग, सुतारकाम, विणकाम अशा कामांतूनच व्यायाम द्यायचा, असे हे शास्त्र. पोलिओ तेव्हा घरोघरी होता आणि गिरणगावात यंत्रात हात गेलेले कामगार कमी नव्हते. १९५२ मध्ये जागतिक व्यवसायोपचार महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता, तो कमलाबाईंमुळे. परक्या देशातून आलेली बाई नऊवारी-पाचवारीच्या या शहरात कमलाबाई होऊन गेली आणि तिचे विद्यार्थी देशभर पसरले.

त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर शेतीसंशोधनासाठी फलटणला स्थायिक झाले होते. तिथे मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषीने १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा काढली. मॅक्सीनबाई १९६१ मध्ये हैदराबादच्या विवेकवर्धिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायला म्हणून आल्या, तिथे मराठी ऐकली आणि तीच त्यांचा विषय बनली. फलटणच्या बोलीवर त्यांनी पीएच.डी. केली. जाई निंबकर यांच्याबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके लिहिली आणि भारतीय नागरिकत्वही घेतले. मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याची त्यांनी बसवलेली पद्धत आज अनेक मराठी शाळांत वापरली जाते. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईने मराठी वाचन कसे शिकवावे हे मराठी शिक्षकांना दाखवावे, यात इथल्या शिक्षणखात्याविषयी जे समजायचे ते समजते.

आज अटलांटिकच्या पलीकडे मराठी शिकवण्याचे काम मराठी माणसे करतात. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच्या छत्राखालच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी पालकच विनामूल्य चालवतात. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने तिथे अभ्यासक्रम आणि परीक्षाही आहेत. आजीआजोबांशी बोलता यावे एवढी अपेक्षा धरून आलेल्या मुलाला काना-मात्रा शिकवणे हे सोपे काम नाही.

मुंबईत शिकवायला येण्याची वाट आता अधिक नियमबद्ध आहे. पर्यटनाच्या ई-व्हिसावर अल्पकाळ, जास्तीत जास्त एक महिना आणि कोणताही मोबदला न घेता स्वयंसेवी काम करता येते. त्याहून अधिक काळ एखाद्या नोंदणीकृत संस्थेत मानद काम करायचे तर रोजगार व्हिसा लागतो आणि त्यावर त्या संस्थेचे नाव नोंदलेले असते. मिशनरी व्हिसा हा आणखी वेगळा प्रकार; हॉल आणि नॉट आज आले असते तर त्यांना तो घ्यावा लागला असता. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला पोहोचल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाची किमान पात्रता ठरवून दिली आहे, त्यामुळे पाहुण्याला वर्गशिक्षक होता येत नाही. तो पात्र शिक्षकाला मदत करू शकतो, वाचन, खेळ, संभाषण घेऊ शकतो. जबाबदार संस्था पोलिसांचा दाखला मागतात, मुलांबरोबर एकट्याने राहू देत नाहीत आणि मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायला मनाई करतात.

महिन्याभरात मराठी येत नाही. ज्या विल्सन दांपत्याने आधी सहा-सात महिने हर्णैत काढले, त्यांच्या हिशेबाने महिना संपतो तेव्हा बाराखडी संपलेली असते. म्हणून मुंबईत पुष्कळ दिवस चालेल असे काम उभे राहिले ते दीर्घ मुदतीच्या योजनांतून आणि मुख्यतः इथल्याच तरुणांच्या हातून. शाहीन मिस्त्री यांचे बालपण अनेक देशांत गेले. अमेरिकेतले कॉलेज सोडून त्या मुंबईत राहिल्या आणि १९९१ मध्ये कुलाब्याच्या एका शाळेच्या मोकळ्या खोल्यांत त्यांनी आकांक्षाचे पहिले केंद्र सुरू केले. शिकवणारे कॉलेजातले स्वयंसेवक होते. त्यातूनच टीच फॉर इंडिया निघाली. २००९ मध्ये तिची पहिली तुकडी मुंबई-पुण्याच्या शाळांत दाखल झाली. त्यात निवडलेल्या तरुणाला दोन वर्षे पूर्णवेळ एका वर्गाला शिकवावे लागते, निर्वाहापुरते मानधन मिळते आणि शाळेत पाय ठेवण्याआधी काही आठवड्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. घरोघर जाऊन पालकांना भेटणे हा त्या कामाचाच भाग धरला जातो.